विहिरीतला चमकणारा खडा पाण्यातलं शिसं काढतो का? कोणता दगड कोणता धातू धरतो, समजून घ्या

आपल्या नाशिक, अहिल्यानगर, जळगाव भागात विहीर खोदताना काळ्या पाषाणात पोकळी लागली की आत पांढरे, कधी गुलाबी चमकणारे खडे सापडतात. कुणी त्याला गारगोटी म्हणतं, कुणी स्फटिक समजून देव्हाऱ्यात ठेवतं. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे खडे काचेत मांडून ठेवलेले आहेत. त्यातले बरेचसे ‘झिओलाइट’ या जातीचे. हा झिओलाइट पाण्यातले विषारी जड धातू ओढून घेतो, असं मोबाईलवर वाचायला मिळतं. मग साहजिकच वाटतं, दगड तर आपल्याच शिवारातला आहे, चार खडे माठात टाकले तर काम होईल का?

सरळ उत्तर द्यायचं तर, नाही. माठात खडे टाकून पाणी शुद्ध होत नाही. पण दगड धातू धरतो ही गोष्ट मात्र खोटी नाही. जगात मोठमोठ्या ठिकाणी दगडाने पाणी साफ केलं जातं. फक्त कोणता दगड, कोणत्या धातूसाठी, किती पाण्याला आणि किती दिवस, हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. उलट पाणी साफ झालं असं समजून विषारी पाणी पीत राहण्याचा धोका जास्त. म्हणून हा विषय जरा सविस्तर.

किती म्हणजे जास्त?

शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल यांना बोलीत जड धातू म्हणतात. हे पाण्यात विरघळलेले असले तर पाणी नितळ दिसतं, वास येत नाही, चवही बदलत नाही. गाळ डोळ्याला दिसतो, धातू दिसत नाही.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०५०० असं आहे. त्यात एका लिटरमध्ये शिसे ०.०१ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१, निकेल ०.०२ आणि क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा दिली आहे. हे आकडे इतके बारीक की डोक्यात बसत नाहीत. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा. असे दहा टँकर, म्हणजे एक लाख लिटर पाणी. त्यात सगळं मिळून फक्त एक ग्रॅम शिसं असलं की मर्यादा गाठली. कॅडमियम तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी चालतं.

एवढ्या थोड्याला का घाबरायचं? कारण हे धातू अंगात साठतात. शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो आणि त्याची सुरक्षित अशी पातळी अजून सापडलेली नाही. आर्सेनिकमुळे वर्षानुवर्षांनी अंगावर डाग पडतात, तळहात-तळपाय जाड होतात, पुढे कर्करोगापर्यंत जातं. कॅडमियम किडनी आणि हाडं खातं. जपानमध्ये जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीचं पाणी नदीत आलं, नदीचं पाणी भातशेतीला गेलं, आणि भातातून कॅडमियम माणसांत गेलं. हाडं इतकी ठिसूळ झाली की बायका वेदनेने ओरडायच्या. त्या आजाराचं नावच ‘इताई-इताई’ पडलं, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ साली जपान सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला.

काळी जमीन खत धरते, तसाच दगड धातू धरतो

दगड धातू कसा धरतो हे शेतकऱ्याला समजवायला अवघड नाही. काळ्या जमिनीत खत टाकलं की टिकतं, मुरमाड जमिनीत टाकलं की वाहून जातं, हे आपण रोज बघतो. काळ्या मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो. पोटॅश, अमोनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम या धन भाराच्या गोष्टी त्या कणांना चिकटून बसतात. पिकाच्या मुळाने एक घेतला की दुसरा त्या जागी येतो. ही अदलाबदल जमिनीत सतत चालू असते.

आता युरियाचं बघा. युरियाचं आधी अमोनियम होतं, ते धन भाराचं, म्हणून माती धरून ठेवते. पुढे त्याचंच नायट्रेट होतं. ते ऋण भाराचं, म्हणून माती धरत नाही आणि जोराच्या पावसात ते खाली विहिरीत उतरतं. खत एकच, जमीन एकच, पण भार बदलला की धरणं-सोडणं बदललं.

पाण्यातल्या धातूंचंही अगदी असंच आहे. शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त, निकेल हे पाण्यात धन भाराचे असतात. आर्सेनिक आणि सहा संयुजेचं क्रोमियम हे ऑक्सिजनला चिकटून ऋण भाराचे होऊन फिरतात. त्यामुळे जो दगड शिसं धरतो, तो आर्सेनिक धरेलच असं नाही. बहुतेक वेळा धरत नाहीच. हे एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा लेख वाचल्यासारखा आहे.

झिओलाइट: शिशाला चांगला, आर्सेनिकला बिनकामाचा

झिओलाइट हे नाव १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेट या खनिजतज्ज्ञाने दिलं. खडा तापवला की त्यातून पाण्याची वाफ निघून तो उकळल्यासारखा दिसतो, म्हणून ग्रीक भाषेतून ‘उकळणारा दगड’. आतून तो मधमाशीच्या पोळ्यासारखा असतो, फक्त घरं इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. या पोळ्याच्या भिंतींवर ऋण भार असतो आणि घरांत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम सैलसर बसलेले असतात. शिशाचं पाणी त्यातून गेलं की शिसं आत बसतं आणि सोडियम बाहेर पडतो.

पाणी शुद्ध करायला जगभर जो झिओलाइट वापरतात त्याचं नाव क्लिनोप्टिलोलाइट. ज्वालामुखीची राख साचून तयार झालेल्या खडकात त्याचे जाडच्या जाड थर मिळतात. इंग्लंडमध्ये सेलाफिल्ड या अणुकेंद्रात वापरलेलं इंधन ज्या तळ्यात ठेवतात, त्या पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम काढायला १९८५ पासून अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातून आणलेला क्लिनोप्टिलोलाइट वापरला जातो. २०११ साली जपानमधल्या फुकुशिमाच्या अपघातानंतर झिओलाइटच्या गोण्या भरून समुद्रात आणि इमारतींच्या तळघरात टाकल्या होत्या. म्हणजे दगडाची ताकद मोठी आहे.

मग आपल्या विहिरीतला खडा का नाही? आपला दख्खनचा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना आत हवेच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यात पाणी झिरपून हे खडे तयार झाले. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट ही त्यातली मुख्य नावं. ह्यूलँडाइट तर क्लिनोप्टिलोलाइटचा रचनेने सख्खा भाऊच. पण आपल्याकडे तो पोकळीत सापडतो, थर म्हणून नाही. शिवाय एका पोकळीत झिओलाइटबरोबर साधी गारगोटी आणि चुन्याचे स्फटिकही मिसळलेले असतात. ओळखणार कसं? आणि अख्ख्या खड्याचा पाण्याशी संबंध फक्त वरच्या पृष्ठभागाचा. फिल्टरमध्ये एका मापाचे बारीक दाणे लागतात आणि पाणी त्यातून ठराविक वेगाने, हळू न्यावं लागतं. माठाच्या तळाशी पडलेला खडा हे काम करत नाही.

दुसरी अडचण आपल्या पाण्याची. आपलं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. समजा एका लिटरमध्ये ८० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे आणि ०.०५ मिलिग्रॅम शिसं, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. हिशेब केला तर शिशाच्या एका अणूमागे कॅल्शियमचे आठ हजारांहून जास्त अणू येतात. झिओलाइटला शिशाची ओढ जास्त असते हे खरं, पण एवढ्या गर्दीत त्याची बरीच घरं कॅल्शियमच अडवतो. म्हणून प्रयोगशाळेच्या साध्या पाण्यात जो दगड खूप शिसं धरतो, तोच जड पाण्यात लवकर थकतो.

आणि आर्सेनिक, सहा संयुजेचं क्रोमियम, फ्लोराइड? हे सगळे ऋण भाराचे. साधा झिओलाइट त्यांना जवळ घेत नाही. क्रोम प्लेटिंग किंवा चामडं कमावण्याच्या सांडपाण्याची शंका असेल तर तिथे झिओलाइट लावून समाधान मानू नका.

इथे एक इशारा. खडे घरी कुटून पूड करू नका. एरिओनाइट नावाचा एक झिओलाइट बारीक तंतूंचा असतो. तुर्कस्तानच्या कॅपाडोकिया भागातल्या काही गावांत त्याच्या धुळीने छातीच्या आवरणाचा कर्करोग पसरला. आपल्या हातातला खडा कोणता हे माहीत नसताना त्याची धूळ नाकात कशाला घ्यायची?

जांभा: कोकणातला चिरा आणि बंगालचं आर्सेनिक

आर्सेनिकला लागतो लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा दगड. असा दगड म्हणजे आपला जांभा. कोकणात याचेच चिरे काढून घरं बांधतात. १८०७ साली फ्रान्सिस ब्युकॅनन याने केरळमधल्या दगडावरून त्याला ‘लॅटेराइट’ नाव दिलं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वीट. जांभ्याचा तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा. हा गंज आर्सेनिकला घट्ट धरतो.

याचा खरा वापर झाला पश्चिम बंगालमध्ये. तिथे तळ्याचं पाणी पिऊन हगवण होते म्हणून गावोगावी हातपंप बसवले. पाणी नितळ निघालं, लोकांना बरं वाटलं. पण गंगेच्या गाळात मुळातच असलेलं आर्सेनिक त्या पाण्यात उतरत होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर डाग असलेले रुग्ण खेड्यांतून येऊ लागले आणि मूळ कारण पाण्यात सापडलं. उत्तर चोवीस परगणा, नदिया, मुर्शिदाबाद, मालदा हे जिल्हे त्यात होरपळले.

आयआयटी खरगपूरचे प्राध्यापक सिरशेंदू डे यांच्या चमूने यावर जांभ्याचा फिल्टर तयार केला. कच्चा जांभा आर्सेनिक धरतो, पण थोडंच. त्यांनी जांभ्याचे दाणे आधी आम्लाने आणि मग अल्कलीने धुऊन त्याचा पृष्ठभाग वाढवला, त्यामुळे धरण्याची ताकद कितीतरी पटीने वाढली. असे फिल्टर बंगालमध्ये बसवले गेले आणि त्यांना वीज लागत नाही.

पण इथेही अट आहे. जमिनीखालच्या पाण्यात हवा नसते. तिथे आर्सेनिकचा बराचसा भाग भार नसलेल्या रूपात असतो आणि तो सहज धरला जात नाही. आधी पाण्याला हवा देऊन किंवा क्लोरीन टाकून त्याचं रूप बदलावं लागतं. पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तर तेही जांभ्यावरची जागा अडवतं. म्हणून चिऱ्याचा तुकडा हंड्यात टाकणं म्हणजे आर्सेनिक फिल्टर नव्हे.

चुनखडी: खाणीच्या आंबट पाण्याला

काही कोळसा आणि धातूंच्या खाणींत गंधक आणि लोखंडाचं पायराइट असतं. त्याला हवा-पाणी लागलं की गंधकाचं आम्ल तयार होतं. पाणी आंबट झालं की दगडातले धातू त्यात विरघळतात. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियात जुन्या कोळसा खाणींमुळे अनेक ओढे असे तांबडे-पिवळे झाले.

अशा पाण्याला चुनखडीच्या चरातून नेतात. चुनखडी आम्ल मारते आणि आम्ल गेलं की लोखंड, ॲल्युमिनियम, बऱ्याच अंशी तांबे गाळ होऊन खाली बसतात. अडचण एवढीच की लोखंडाचा गाळ चुनखडीवरच थर धरतो आणि दगड आतून शाबूत असूनही काम थांबतं. म्हणून तिथे चुनखडीचा चर मातीने झाकून हवा बंद करतात. हवा नसली की लोखंड दगडावर बसत नाही, पुढे मोकळ्या तळ्यात गेल्यावर बसतं. मॅंगनीज आणि कॅडमियम मात्र एवढ्याने पुरते जात नाहीत, त्यांना पाणी आणखी अल्कली करावं लागतं.

आपल्याकडे वणी-चंद्रपूर पट्ट्यात कोळसाही आहे आणि चुनखडीही. पण हा उपाय ओढ्यात सोडायच्या पाण्यासाठी आहे, पिण्याच्या पाण्यासाठी नाही, हे विसरू नये.

रॉक फॉस्फेटचंही एक काम

खताच्या दुकानातलं रॉक फॉस्फेट सगळ्यांना माहीत आहे. त्यातलं फॉस्फेट शिशाबरोबर मिळून पाण्यात जवळजवळ न विरघळणारं खनिज तयार करतं. त्यामुळे शिशाने खराब झालेल्या जमिनीत शिसं बांधून ठेवायला त्याचा वापर होतो. पण काही ठिकाणच्या रॉक फॉस्फेटमध्ये मुळातच कॅडमियम असतं. म्हणून खताची पिशवी पाण्याच्या टाकीजवळ नेऊ नका.

दगड भरला की काय?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. दगड धातू नष्ट करत नाही. धातू जळत नाही, कुजत नाही, उडून जात नाही. पाण्यातून निघाला तो दगडात बसला, एवढंच. फुकुशिमाच्या तळघरात टाकलेल्या झिओलाइटच्या गोण्या आज इतक्या किरणोत्सारी आहेत की त्या काढायच्या कशा हाच मोठा प्रश्न झाला आहे.

आपल्या पातळीवर याचे दोन अर्थ. पहिला, दगडाची घरं भरली की धातू सरळ पलीकडे जातो आणि ते डोळ्याला कळत नाही. पाणी आधीसारखंच नितळ. दुसरा, भरलेला झिओलाइट मिठाच्या पाण्याने धुतला की धातू सुटून बाहेर येतो. पाणी मऊ करायच्या यंत्रात मीठ घालतात ते याच तत्त्वावर. ते धुतलेलं पाणी परसात ओतलं तर विष पुन्हा जमिनीत. वापरलेला दगड शेताच्या बांधावर, उकिरड्यावर किंवा गुरांच्या गोठ्यात टाकायचा नाही.

मग गावाने करायचं काय?

आधी शंका कशाची ते ठरवा. विहिरीच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचं काम, प्लेटिंगचा कारखाना, रंग-रसायनांचा साठा, खाण किंवा सांडपाण्याचा नाला आहे का ते बघा. काहीच नसेल तर उगाच घाबरू नका.

शंका असेल तर तपासणी करा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणी किटचं प्रशिक्षण दिलं जातं. ते किट कामाचं आहे, पण त्यात कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह अशा गोष्टी दिसतात. शिसे-कॅडमियम दिसत नाही. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो. ग्रामपंचायतीमार्फत जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे विचारा. अर्जात ‘पाणी तपासून मिळावे’ एवढंच लिहू नका. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल, पारा अशी नावं लिहा. नाव लिहिलं नाही तर नेहमीच्या तपासणीत ते धरलं जात नाही. बाटलीही प्रयोगशाळेकडूनच घ्या, घरची कोल्ड्रिंकची बाटली नको.

अहवाल येईपर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसऱ्या ठिकाणचं पाणी वापरा. पाणी उकळून जंतू मरतात, धातू जात नाही. उलट वाफ उडाल्यावर तो थोडा दाट होतो. तुरटीने गाळ बसतो, पण विरघळलेल्या शिशावर तिचा भरवसा धरू नका. कँडलचा फिल्टर आणि दिव्याचं यंत्र यांचंही तेच. आरओ बरेच धातू काढतं, पण त्याच्या वाया जाणाऱ्या पाण्यात ते दाट होऊन येतात, म्हणून ते पाणी गुरांना पाजू नका.

अहवालात धातू मर्यादेबाहेर निघाला तर पहिला उपाय स्रोत बदलणं, दुसरा उपाय फिल्टर. आणि प्रदूषण मंडळाकडे लेखी तक्रार, अहवालाची प्रत जोडून.

दगडाचा फिल्टर विकायला कुणी आलं तर पाच प्रश्न

१. हा दगड नेमका कोणता, आणि आमच्या अहवालातला कोणता धातू तो काढतो?
२. आमच्या पाण्याचा कठीणपणा बघून तो किती हजार लिटर चालेल?
३. फिल्टरमधून निघालेल्या पाण्याची तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेतून करून द्याल का?
४. दगड कधी बदलायचा, हे कसं कळणार आणि तो कोण बदलणार?
५. वापरलेला दगड कोण घेऊन जाणार?

पाचही प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली तर ग्रामसभेत विषय ठेवा. ‘सगळे धातू काढतो, कायम चालतो’ असं उत्तर आलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा. कारण सगळे धातू काढणारा आणि कधीच न भरणारा दगड अजून कोणत्याही खाणीत सापडलेला नाही.